दहा दिवसांचा कामगार : मधुमेह आणि रक्तपट्टिका



व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे पत्र आले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी दिसली, की मी साखर कामगारांच्या वेतनकरारावर बोलावे. मी उलट कळविले, की यंदा मला रक्तावर बोलावयाचे आहे. त्यांनी लगेच फोन केला. संघटनेचा माणूस रक्ताचे नाव काढतो तेव्हा पाठोपाठ घाम आणि शोषण हे शब्द येणारच, असे त्यांना वाटले असावे. मी म्हटले, तसे नव्हे. खरोखरीचे रक्त, दवाखान्यात बोटाला टोचून काढतात ते.

माझा अधिकार काय, हे आधी सांगून टाकतो. माझे शिक्षण दहावीपर्यंत, आणि तीही दुसऱ्या खेपेस सुटली. अठराव्या वर्षी कारखान्यात हंगामी कामगार म्हणून लागलो. इंग्रजी शिकलो ते करारांचे आणि निवाड्यांचे मसुदे शब्दकोश उशाशी घेऊन वाचताना. बाकी जे काही आले ते नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा मी येथे वैद्य म्हणून उभा नाही. आपल्या गावातील एका डॉक्टरांनी हे भाषण आधी वाचून त्यावर तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. तरीही काही चुकले तर चूक माझी समजावी.

हा विषय मी निवडला नाही, तो माझ्या गळ्यात पडला. २०१७ च्या गाळप हंगामाच्या सुमारास एक विक्रेते गृहस्थ आमच्या संघटनेच्या कचेरीत आले. त्यांच्याजवळ कॅप्सूलच्या बाटल्या होत्या. शरीराला आतून गंज चढतो, मधुमेहात तो जास्त चढतो, आणि ही कॅप्सूल तो गंज थांबविते, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी पडद्यावर चित्रे दाखविली. बोलणे गोड, चित्रे रंगीत, आणि मी स्वतः तेव्हा नुकताच मधुमेहाच्या यादीत दाखल झालेला. मला ते पटले. मी संघटनेच्या ग्राहक भांडारात त्या बाटल्या ठेवविल्या आणि एका द्वारसभेत, बोनसचा विषय संपल्यावर, चार शब्द त्यांच्या बाजूने बोललोही. चाळीसेक जणांनी बाटल्या घेतल्या.

त्यांत माझे एक जुने सोबती होते, पॅनमन. साखरेचा दाणा कोणत्या क्षणी बसतो हे काचेवर थेंब घेऊन सांगणारा तो माणूस. मधुमेह नऊ वर्षांचा. त्यांनी मनाशी हिशेब केला, की सेक्रेटरी सांगतात तर गोष्ट खरी असणार. मग दोन औषधांचा खर्च कशाला? त्यांनी डॉक्टरांची गोळी बंद केली आणि कॅप्सूल चालू ठेवली. चार महिन्यांनी रात्रपाळीत त्यांना दरदरून घाम फुटला आणि धाप लागली. छातीत कळ नव्हती, म्हणून त्यांना पित्त वाटले आणि त्यांनी सोडा घेतला. मधुमेहात मज्जातंतू बोथट झालेले असतात, त्यामुळे हृदयविकाराचा झटका पुष्कळदा असा न दुखता येतो, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. जिल्ह्याच्या गावी नेले, हृदयाच्या रोहिणीतील गुठळी काढली आणि ते वाचले. आज ते या सभेत बसले आहेत. हकीकत सांगण्याची परवानगी त्यांनी दिली आहे. नाव सांगू नका म्हणाले.

तेथील डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितले, की कॅप्सूलने झटका आणला नाही. जे सोडून दिले त्याचा हा परिणाम असावा. हे ऐकून मला सुटल्यासारखे वाटावयास हवे होते. तसे वाटले नाही. विक्रेत्याने जे सांगितले त्यात खरे किती आणि खोटे किती, हे मला समजून घ्यावयाचे होते. आज जे सांगणार आहे ते त्या शोधातून हाती लागलेले.

आणि पहिली गोष्ट अशी कळली, की रोगाविषयी तो विक्रेता खोटे बोलला नव्हता. गंजाची गोष्ट खरी आहे.

आता रक्तपट्टिकेकडे येऊ. शाळेच्या पुस्तकात हा शब्द आहे; बाजारात आपण प्लेटलेट म्हणतो. या शब्दाची आणि आपली ओळख डेंग्यूच्या दिवसांत होते. घरात कोणी आजारी पडले की प्लेटलेट किती उतरल्या याची चर्चा सुरू होते आणि शेजारी पपईची पाने घेऊन येतात. म्हणजे त्या कमी झाल्या की वाईट, एवढेच आपण जाणतो. त्या संख्येने पुरेशा असूनही चिडखोर झाल्या तर काय होते, हा मधुमेहातील प्रश्न आहे.

रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, सुमारे दीड लाख ते साडेचार लाख रक्तपट्टिका असतात. एकेकीची लांबी मिलिमीटरच्या हजार भागांपैकी दोन-तीन भाग. इटलीत तुरीन येथील जुलिओ बिझोझेरो या शास्त्रज्ञाने १८८२ साली जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्यांत त्या पाहिल्या, आणि वाहिनीला इजा होताच त्या तेथे जाऊन चिकटतात हे दाखविले. त्या येतात कोठून, हे १९०६ साली अमेरिकेतील जेम्स होमर राइट याने सांगितले. हाडांच्या मगजात काही प्रचंड पेशी असतात, त्यांचे तुकडे होऊन रक्तपट्टिका सुटतात. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या पट्टिका तयार होतात. प्रत्येकीचे आयुष्य सात ते दहा दिवस.

म्हणजे हा खरा हंगामी कामगार, आणि हंगाम दहा दिवसांचा. परंतु त्याच्यात एक गोष्ट अशी आहे की जी मला फार महत्त्वाची वाटते. त्याला केंद्रक नाही. पेशीचे केंद्रक म्हणजे तिची कचेरी आणि कोठार. नवे हत्यार हवे असेल तर त्याचा नमुना तेथून येतो. रक्तपट्टिका मगजातून निघते तेव्हा कचेरी मागे राहते. आईने पहाटे बांधून दिलेली शिदोरी आणि कमरेला खोचलेली हत्यारे, एवढ्यावर तिला दहा दिवस काढावयाचे असतात. वाटेत एखादे हत्यार मोडले तर नवे मिळण्याची आशा जवळजवळ नाही. पुढे जे सांगणार आहे त्याचा धागा हाच आहे.

या कामगाराचे काम काय? रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर पडली की खालचे कोलॅजेन नावाचे दोरखंड उघडे पडतात. रक्तपट्टिका त्याला चिकटते, आकार बदलते, हातपाय पसरते आणि हाळी देते. ती हाळी म्हणजे थ्राँबॉक्सेन नावाचे रसायन. स्वीडनमधील बेंग्ट सॅम्युएलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९७५ साली ओळखले. हाळी ऐकून इतर पट्टिका धावतात आणि चीर बुजते. ऊस तोडताना कोयता लागून बोट कापले आणि थोड्या वेळात रक्त थांबले, तर ते उपकार यांचेच. परंतु हीच हाळी कारण नसताना, किंवा थोड्या कारणासाठी मोठ्याने उठली, आणि ती हृदयाच्या अरुंद झालेल्या रोहिणीत उठली, तर तेथे गुठळी बसते.

मधुमेहात ही हाळी वाढलेली असते. १९९० साली इटलीतील जिओव्हानी दावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेही रुग्णांच्या लघवीत थ्राँबॉक्सेनचे अवशेष मोजले. ते निरोगी माणसांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघाले. मग त्यांनी काही रुग्णांची साखर इन्सुलिन देऊन काटेकोर ताब्यात आणली, तेव्हा ते प्रमाण सुमारे निम्म्याने उतरले. रक्तपट्टिकेवर कोणतेही औषध न घालता केवळ साखर उतरविल्याने हाळी निम्म्यावर आली, हे आपण लक्षात ठेवावे. मला पुढे त्याचा उपयोग करावयाचा आहे.

साखरेचा आणि गंजाचा संबंध काय, हे साखर कारखान्यातील माणसाला समजावून घेणे सोपे जाते. तेवढ्यापुरते माझे अज्ञान आपल्यापेक्षा थोडे कमी आहे, असे धाडसाने म्हणतो. रस जास्त वेळ तापला तर तो काळवंडतो आणि साखरेची प्रत घसरते. त्याचे एक कारण असे, की रसातील ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, ज्यांना आमचे केमिस्ट रिड्यूसिंग शुगर म्हणतात, ती तेथील प्रथिनांच्या घटकांना जाऊन चिकटतात आणि तपकिरी रंग धरतात. फ्रान्सच्या लुई मायार याने १९१२ साली ही क्रिया वर्णन केली. भाकरीचा पापुद्रा खरपूस होतो तोही काही अंशी याच क्रियेने. आपल्या शरीरात आच फक्त सदतीस अंशांची, पण क्रिया तीच, संथपणे चाललेली. तेहरानमधील सॅम्युएल राहबार यांनी १९६८ साली मधुमेही माणसांच्या हिमोग्लोबिनमध्ये हा बदल ओळखला, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी एचबीए१सी नावाची तपासणी आज केली जाते, ती यातूनच आली. तांबडी पेशी सुमारे एकशेवीस दिवस जगते. तिच्या अंगावर किती साखर चढली यावरून तिने कसे दिवस काढले ते कळते.

कारखान्यात रस काळा पडू नये म्हणून आम्ही त्यात चुना घालतो आणि गंधकाचा धूर सोडतो. गंधकाच्या भट्टीवर ज्याने काम केले आहे त्याला तो वास जन्मभर विसरता येत नाही. वाचताना मला मौज वाटली, ती अशी, की शरीरानेही या कामासाठी गंधकच धरून ठेवला आहे. आपल्या पेशींत ग्लुटाथायोन नावाचा एक पदार्थ असतो. त्याच्या टोकाला गंधकाचा अणू असतो, आणि ऑक्सिजनच्या उनाड तुकड्यांना आवरण्याचे काम तो टोकाशी करतो. हे उनाड तुकडे पेशीत रोजच्या रोज तयार होतात. श्वास घेणाऱ्याला ते चुकत नाहीत, आणि थोड्या प्रमाणात शरीराला त्यांचा उपयोगही असतो. ते आवरण्याच्या पलीकडे वाढले म्हणजे त्याला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. विक्रेत्याचा गंज तो हा.

आता मधुमेही माणसाच्या रक्तपट्टिकेत काय घडते ते पाहा. स्नायूच्या पेशीत साखर शिरावयाची तर बहुधा इन्सुलिनने दार उघडावे लागते. रक्तपट्टिकेच्या दाराला त्या किल्लीची फारशी गरज नसते. बाहेर साखर वाढली की आतही वाढते. आत एवढ्या साखरेचे करावयाचे काय? अल्डोज रिडक्टेज नावाचे एक विकर जादा साखरेचे सॉर्बिटॉल करू लागते. हे करताना ते एक इंधन खर्च करते, आणि नेमके तेच इंधन ग्लुटाथायोनला पुन्हा ताजेतवाने होण्यासाठी लागत असते. म्हणजे जादा साखर गंज वाढविते आणि गंज पुसणाऱ्याची भाकरीही पळविते. अमेरिकेत येल विद्यापीठातील जॉन ह्वा यांच्या प्रयोगशाळेने २०११ साली दाखविले, की माणसाच्या रक्तपट्टिकांना जास्त साखर आणि कोलॅजेन एकदम भेटले तर याच विकराच्या वाटेने थ्राँबॉक्सेन वाढते. साखर, गंज आणि हाळी यांची साखळी अशी जोडली गेली.

याच प्रयोगशाळेचे २०१६ सालचे काम मला सर्वांत विलक्षण वाटते. रक्तपट्टिकेत तंतुकणिका नावाच्या मोजक्या चिमुकल्या भट्ट्या असतात. पेशीला लागणारी शक्ती त्या पुरवितात. गंजाचा मारा पहिल्याने यांच्यावर बसतो. भट्टी फुटली की ती स्वतःच आणखी उनाड तुकडे ओकू लागते, आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. मधुमेही माणसांच्या रक्तपट्टिका तपासताना या मंडळींना दिसले, की त्या आपल्या फुटलेल्या भट्ट्या स्वतःच वेढून, पचवून नाहीशा करीत आहेत. याला मायटोफॅजी म्हणतात. पेशी आपलेच निकामी भाग कसे पचविते, त्यामागची जनुके जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टवर प्रयोग करून शोधली, आणि त्यांना २०१६ सालीच नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तपट्टिकेत ही साफसफाई चालू असेपर्यंत तिचा बचाव होतो. ती बंद पाडली तर गंजाशी सामना करता येत नाही आणि गुठळ्या वाढतात, असे येलच्या कामात आढळले.

आता शिदोरीची आठवण करा. ज्या पेशीला केंद्रक नाही, जिला दहा दिवसच जगावयाचे आहे, तिला हे साफसफाईचे एवढे गुंतागुंतीचे साहित्य वाटेत मिळणे शक्य नाही. ते मगजातील आईपेशीने आधीच बांधून दिलेले असते. संकट येण्यापूर्वीच, येईल या अंदाजाने. वाचनालयात हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. माझी आई रात्रपाळीला जाताना डब्यात एक भाकरी जादा ठेवीत असे. का, म्हणून मी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही. असो.

येथपर्यंत ऐकून कोणीही म्हणेल, की मग गंजविरोधी गोळी का घेऊ नये? विक्रेत्याचा युक्तिवाद हाच होता, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. मोठमोठ्या वैद्यांनाही तसेच वाटले होते. आधी उल्लेख केलेल्या दावी यांनीच १९९९ साली काही मधुमेही रुग्णांना रोज ६०० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व दोन आठवडे दिले, तेव्हा गंजाची खूण आणि थ्राँबॉक्सेन दोन्ही उतरली. कागदावर सारे जमले होते. पण लघवीतील खूण उतरणे ही एक गोष्ट, आणि माणूस झटक्यापासून वाचणे ही दुसरी. आम्ही संघटनेचे लोक कराराचा मसुदा हातात आला की आधी शेवटचे पान उघडतो, पगाराच्या पावतीवर प्रत्यक्ष काय पडणार ते पाहण्यासाठी. वैद्यकातही असे शेवटचे पान असते. मोठ्या संख्येने माणसे घेऊन, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी देऊन, वर्षानुवर्षे वाट पाहून ते लिहिले जाते.

ई जीवनसत्त्वाचे शेवटचे पान २००० साली उघडले. होप या नावाच्या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेली ९,५४१ माणसे होती, आणि त्यांत मधुमेही पुष्कळ. सरासरी साडेचार वर्षे पाहिले. झटके, पक्षाघात, मृत्यू, कशातच फरक पडला नाही. २००२ साली ब्रिटनमधील २०,५३६ माणसांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांना ई जीवनसत्त्व, सी जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन अशी तिन्ही एकत्र, पाच वर्षे दिली होती. रक्तातील जीवनसत्त्वे चांगली वाढली. माणसांचे नशीब मात्र बदलले नाही.

असे का झाले? माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो, आणि येथे डॉक्टरांनी तांबडी खूण केलेली नाही. नळ उघडा ठेवून फरशी पुसत राहावे तसे ते आहे. साखर वाढलेली असेपर्यंत उनाड तुकडे पेशीच्या आत, भट्टीच्या तोंडाशी, क्षणाक्षणाला तयार होत असतात. बाहेरून गिळलेली गोळी तेथे योग्य वेळी, योग्य प्रमाणात पोहोचेल, याची हमी कोणी घ्यावी? दावींचा १९९० सालचा प्रयोग याकरिताच लक्षात ठेवा म्हटले होते. तेथे नळ बंद केला होता.

आणखी एका गोळीविषयी लोक हटकून विचारतात, म्हणून बोलतो. ती ॲस्पिरिन. तिचा इतिहास रंजक आहे. कॅलिफोर्नियात लॉरेन्स क्रेव्हन नावाचा एक साधा गावडॉक्टर होता. घशाच्या गाठी काढलेल्या रुग्णांना दुखू नये म्हणून तो ॲस्पिरिनचा चघळावयाचा गोंद देई. काहींना त्यातून रक्तस्राव होऊ लागला. दुसऱ्या कोणी हात झटकले असते. हा विचार करू लागला, की जे रक्त गोठू देत नाही ते हृदयाच्या गुठळीलाही अडवील. त्याने आपल्या रुग्णांना ॲस्पिरिन देऊन १९५० नंतर लेख लिहिले. ते कोणी मनावर घेतले नाहीत. तो १९५७ साली वारला, तोही हृदयविकारानेच. १९७१ साली जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिन कसे काम करते ते सांगितले. रक्तपट्टिकेच्या बाबतीत ते असे, की थ्राँबॉक्सेन बनविणारे हत्यार ते कायमचे मोडून टाकते. इतर पेशी नवे हत्यार घडवितात. रक्तपट्टिकेची कचेरी मागे राहिलेली, म्हणून ती उरलेले दिवस मुकीच राहते.

तर मग मधुमेही माणसाने रोज ॲस्पिरिन घ्यावी का? याचेही शेवटचे पान आहे. असेंड नावाच्या चाचणीत १५,४८० मधुमेही माणसे होती. त्यांना हृदयविकार झालेला नव्हता. सरासरी सात वर्षांहून अधिक काळ पाहिले आणि २०१८ साली निकाल आला. खोटी गोळी घेणाऱ्या शंभरांत ९.६ जणांना हृदयाचा वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा गंभीर विकार झाला, ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ८.५ जणांना. पण मोठा रक्तस्राव पहिल्यांत ३.२ जणांना झाला, दुसऱ्यांत ४.१ जणांना. जमा आणि खर्च जवळजवळ सारखे. ज्यांना झटका येऊन गेला आहे त्यांचा हिशेब वेगळा. माझे मित्र ॲस्पिरिन घेतात आणि ती त्यांनी आपल्या मनाने सोडता कामा नये. इतरांनी ती आपल्या मनाने सुरू करता कामा नये. ही गोळी दुकानात सुटी मिळते, हे मला बरे वाटत नाही.

मग हातात राहिले काय? साखर ताब्यात ठेवणे. आपण म्हणाल, एवढ्यासाठी आम्हांला तासभर बसविले? परंतु ती का ताब्यात ठेवावयाची, हे मला पूर्वी ठाऊक नव्हते. डोळ्यांसाठी, पायांसाठी, मूत्रपिंडासाठी, असे ऐकले होते. दर दहा दिवसांनी बदलणाऱ्या या कामगारासाठी, हे कोणी सांगितले नव्हते. आणि यात एक मोठा दिलासा आहे. डोळ्याच्या पडद्याचे झालेले नुकसान सहजी भरून येत नाही. रक्तपट्टिकांची मात्र पाळी सतत बदलत असते. आज तुमची साखर ताब्यात आली तर पुढल्या पंधरवड्यात जी नवी भरती होईल तिला पहिल्या दिवसापासून बरी हवा मिळेल. जुने पाप तिच्या वाट्याला येत नाही.

जी गोळी माझ्या मित्रांनी सोडली ती मेटफॉर्मिन. फ्रान्समध्ये ज्याँ स्टेर्न यांनी १९५७ साली ती मधुमेहावर वापरली. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट टर्नर यांनी १९७७ साली जी मोठी चाचणी सुरू केली तिचा निकाल १९९८ साली लागला. स्थूल मधुमेही रुग्णांत केवळ पथ्यावर भर देणाऱ्या उपचारापेक्षा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके ३९ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी आढळले. ही गोळी चहाच्या कपापेक्षा स्वस्त मिळते. ती विकण्यासाठी कोणी रंगीत चित्रे घेऊन आमच्या कचेरीत आला नाही.

बिडी-सिगारेटने हाच गंज वाढतो आणि हीच हाळी वाढते. त्यावर अधिक बोलत नाही, समोरचे दोन-तीन चेहरे आताच खाली गेले आहेत. जेवणानंतर चालावे. चालणारा स्नायू इन्सुलिनच्या किल्लीवाचूनही साखर ओढून घेतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

राहिला पाळीचा प्रश्न. फ्रान्समधील लुई मोनिए यांनी २००६ साली असे मांडले, की साखर सरासरी किती आहे यापेक्षा ती किती वरखाली होते याचा गंजाशी जास्त संबंध असावा. पुढच्या सगळ्या प्रयोगांत हे तितके स्पष्ट दिसले असे नाही, तेव्हा मी ते सिद्धांत म्हणून सांगत नाही. पण रात्रपाळीच्या माणसाचे जेवण पाहा. संध्याकाळी पाचला घरी जेवला. रात्री बाराला गोड चहा, दोनला गोड चहा, पहाटे चारला वडापाव आणि पुन्हा चहा. गोळीची वेळ डॉक्टरांनी लिहिली आहे ‘जेवणानंतर’. कोणत्या जेवणानंतर? आठवड्याने पाळी बदलते आणि सारे उलटे. माझ्या मित्राला आपण बेफिकीर म्हणू शकतो. मीही काही दिवस म्हटले. मग मी त्याची पाळीपुस्तिका काढली आणि गप्प झालो. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची सुट्टी घालून दिली होती. ती मिळावी म्हणून आमच्या आधीच्या पिढीने झगडे केले, आणि आम्ही त्या अर्ध्या तासात काय खावयास मिळते याचा विचार तीस वर्षांत एकदाही मागणीपत्रकात घातला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत २०२३ साली देशात सुमारे दहा कोटी दहा लाख मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. त्यांत रात्रपाळीवाले किती, याची कोणी वेगळी मोजदाद केली असल्यास मला कळवावे.

आम्ही दोन मागण्या घातल्या. वर्षाच्या वैद्यकीय तपासणीत एचबीए१सी असावी, ही पहिली. ती मान्य झाली. मधुमेही कामगाराला दर आठवड्याला पाळी बदलून देऊ नये, ही दुसरी. तिच्यावर अजून बोलणी चालू आहेत, आणि खरे सांगावयाचे तर अडचण व्यवस्थापनाची जेवढी तेवढीच आमची आहे. एकाची रात्रपाळी चुकली की ती दुसऱ्याच्या वाट्याला येते. सभेत यावर दोन वेळा भांडण झाले.

भांडारात ज्यांनी बाटल्या घेतल्या होत्या त्या सर्वांचे पैसे मी परत केले. सर्वसाधारण सभेत उभा राहून, मी न समजता शिफारस केली, असे सांगितले. काहींनी टाळ्या वाजविल्या, त्या मला आवडल्या नाहीत. माझ्या पॅनमन मित्रांनी पैसे रोख घेतले नाहीत. त्यांत स्वतःची भर घालून त्यांनी साखर मोजण्याचे एक छोटे यंत्र आणले आणि पॅनच्या मजल्यावर, थेंब पाहण्याच्या काचेशेजारी ठेवून दिले. सुई प्रत्येकाने नवी घ्यावयाची, असा नियम त्यांनीच भिंतीवर लिहिला आहे. पट्ट्या संघटना पुरविते. गेल्या हंगामात पट्ट्यांचा खर्च अंदाजापेक्षा दुप्पट झाला. कार्यकारिणीने तो चर्चेवाचून मंजूर केला.